पासिंग कुठलं?

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला आणि पुढचे दोन तास शहरात ठिकठिकाणी बॉम्ब फुटत राहिले. २५७ माणसं गेली. वरळीत रस्त्याच्या कडेला बेवारस सोडलेली एक मारुती व्हॅन पोलिसांना सापडली. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. गाडीचा नंबर होता एमएफसी १९७२. तपासाची सूत्रं ज्यांच्याकडे गेली ते राकेश मारिया त्या वेळी वाहतूक शाखेचेच उपायुक्त होते. नंबरावरून मालकीण कळली, मालकिणीवरून माहीमच्या अल हुसैनी इमारतीचा पत्ता लागला आणि पत्त्यावरून मेमन कुटुंब. एवढ्या मोठ्या कटाचा पहिला धागा पत्र्याच्या एका पट्टीवर रंगवलेला होता.

नंबरप्लेट जन्माला आली ती नेमकी याच कामासाठी. गाडी पळाली तरी मालक सापडावा, एवढीच सरकारची अपेक्षा. पण या व्हॅनच्या नंबरात आणखी एक गोष्ट दडलेली होती. 'एमएफ' ही मुंबईची अक्षरं १९९३ मध्ये जुनी झाली होती. चार वर्षांपूर्वीच देशभर नवी पद्धत लागू झाली होती आणि नव्या गाड्या 'एमएच ०१', 'एमएच ०२' असे नंबर लावून फिरत होत्या. रस्त्यावर दोन काळ एकमेकांशेजारी धावत होते. आज ते जुने तीन अक्षरी नंबर दिसेनासे झाले आहेत, आणि एखादा दिसलाच तर पन्नाशी ओलांडलेला माणूस सिग्नलवर मान वळवून बघतो. त्या अक्षरांमागे राज्यं जुळण्या-फुटण्याचा बराच इतिहास आहे.

गाड्यांना नंबर देण्याची कल्पना पॅरिसच्या पोलिसांची, १८९३ सालची. ब्रिटनने १९०३ मध्ये कायदा केला आणि १९०४ च्या पहिल्या दिवसापासून तो अमलात आणला. मुंबई इलाखाही मागे राहिला नाही. इथे मोटार येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. १८९८ मध्ये मुंबईत मोटार घेणाऱ्या पहिल्या चौघांत जमशेटजी टाटांचं नाव सांगितलं जातं. १९०४ मध्येच इलाख्याचा मोटार कायदा आला. मग १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी एक कायदा झाला, तरी नंबराची पद्धत प्रांतागणिक वेगळीच राहिली. संस्थानांचा कारभार तर पूर्णपणे स्वतंत्र होता.

ही घडी बसवली ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. त्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रत्येक प्रांताला इंग्रजी अक्षरांची जोडी नेमून दिली होती. मुंबईला बीएम, मध्य प्रांत आणि वऱ्हाडला सीपी, बंगालला बीएल. या जोडीपुढे मालिकेचं एक अक्षर आणि मग एक ते ९९९९ पर्यंतचा आकडा. बीएमए संपली की बीएमबी, ती संपली की बीएमसी. पुढची पन्नास वर्षं देश याच साच्यावर चालला.

या साच्यातला सगळ्यात गाजलेला नंबर बंगालचा आहे. जानेवारी १९४१ मध्ये, सोळा आणि सतराच्या दरम्यानच्या रात्री, कोलकात्यात एल्गिन रोडवरच्या घरातून सुभाषचंद्र बोस नजरकैदेतून निसटले. पुतण्या शिशिर गाडी चालवत होता, गाडी होती जर्मन वाँडरर आणि तिचा नंबर बीएलए ७१६९. गोमो स्टेशनवर सुभाषबाबू उतरले आणि तिथून पेशावरमार्गे काबूल, मग बर्लिन. ती गाडी आजही त्याच घरात, नेताजी भवनात, उभी आहे. पुढे फाळणी झाली, बंगालचे दोन तुकडे झाले आणि पश्चिम बंगालला डब्ल्यूबी ही नवी अक्षरं मिळाली. अखंड बंगालची 'बीएल' त्या गाडीच्या पाटीवर राहून गेली.

दिल्लीचा एक नंबर असाच जपलेला आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी १९६४ मध्ये फियाट घेतली. गाडी १२,००० रुपयांची, खात्यात तेवढे पैसे नाहीत, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचं कर्ज काढलं. ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज बाकी होतं, ते ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. त्या फियाटचा नंबर डीएलई ६. एकोणीस वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, पहिली मारुती ८०० दिल्लीत ग्राहकाच्या हाती गेली तेव्हा तिला नंबर मिळाला डीआयए ६४७९. म्हणजे तोवर दिल्लीला 'डीएल' पुरेनाशी होऊन दुसरी जोडी काढावी लागली होती. पद्धत कुठे दमत चालली होती ते या दोन नंबरांत दिसतं.

संस्थानिकांची गोष्ट निराळी. संस्थानं विलीन झाली, पण राजेरजवाड्यांना तनख्यांबरोबर काही मानही मिळाले. त्यांत मोटारीवर लाल नंबरप्लेट लावण्याचा मान होता. बाकीच्या जगाला काळी पाटी, राजाला लाल. डिसेंबर १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले आणि लाल पाट्यांचा दिमाखही उतरला. कोल्हापुरात शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक आजही दसरा चौकाकडे निघते. तेव्हा गर्दीतली माणसं गाडीच्या लांबीइतकंच तिच्या पाटीकडे बघत असतात.

महाराष्ट्रात ही अक्षरं वाचायची तर नकाशा हाताशी हवा. १९५० च्या सुमारास आजच्या महाराष्ट्रातले लोक तीन राज्यांत वाटले गेले होते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश मुंबई राज्यात. नागपूर-अमरावती मध्य प्रदेशात, आणि तिथल्या गाड्यांवर जुन्या मध्य प्रांताची सीपी. मराठवाडा हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा मुंबईच्या द्वैभाषिकात आले, बेळगाव-कारवार म्हैसूरकडे गेले. १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला आणि महाराष्ट्र राज्य उभं राहिलं. सीमा बदलल्या म्हणून जुन्या गाड्यांचे नंबर कोणी खरवडून काढले नाहीत. नागपूरच्या रस्त्यावर सीपीवाली जुनी मोटार आणि तिच्या शेजारी महाराष्ट्राच्या नव्या अक्षरांची मोटार, असा देखावा पुढे कित्येक वर्षं होता. गाडी जितकी टिकाऊ, तितकं तिच्या पाटीवर जुनं राज्य टिकून.

मुंबई शहराचं तर आणखी गमतीचं. मुंबई राज्य गेलं, पण 'बीएम' गेली नाही. नव्या महाराष्ट्रातही मुंबईच्या गाड्या बीएमच्याच मालिकेत येत राहिल्या. ती भरल्यावर एमआर आली, मग एमएम आणि शेवटी एमएफ. जुन्या टॅक्सीवाल्यांना अक्षरांवरून गाडीचं वय सांगता यायचं. बीएम म्हणजे डुक्कर फियाटचा जमाना, एमएफ म्हणजे मारुती आल्यानंतरची. गाडी जुन्या बाजारात विकायला काढली की गिऱ्हाईक आधी पाटी बघायचं आणि बॉनेट नंतर उघडायचं.

गोव्याची कथा याच काळातली. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. त्यांच्या काळातही गोव्यातली वाहनं डाव्या बाजूनेच चालत होती. खुद्द पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली होती, पण गोव्याच्या शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्याने इथे बदल केला नाही. मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला आणि नंबराला जीडी ही जोडी मिळाली. पंचवीसेक वर्षं म्हापशाच्या बाजारात, मडगावच्या स्टँडवर जीडीए, जीडीबी असेच नंबर दिसत. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले. दोनच वर्षांनी नवी पद्धत आली आणि 'जीए' सुरू झाली.

या तीन अक्षरी नंबरांचं एक वैशिष्ट्य आज विसरायला होतं. त्यांत गावाचं नाव उघड नव्हतं. कुठली मालिका कुठल्या जिल्ह्याला दिली हे आरटीओला ठाऊक, ट्रक ड्रायव्हरांना ठाऊक, जकात नाक्यावरच्या कारकुनाला ठाऊक. बाकीच्यांना ते अनुभवाने कळायचं. एसटी स्टँडवर तासन्‌तास काढणाऱ्या पोरांना कुठल्या अक्षरांची गाडी कुठल्या डेपोची हे पाठ असायचं. गावात लग्नाची वऱ्हाडं आली की कोणाचा पाहुणा कुठून आला याचा अंदाज पाटीवरून बांधला जायचा. ज्याला अक्षरं लागत त्याला गावात थोडा मान होता.

त्यात गाडी मिळणं हीच मोठी घटना. बजाजची स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. ती आली की शोरूममधून आरटीओत पासिंगला न्यायची. इन्स्पेक्टर वाकून चॅसी नंबर बघायचा, त्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासायची, की उठावदार आकडे कागदावर उतरायचे. तो कागद फाइलला लागायचा. नंबर मिळाला की बाहेरच्या झाडाखाली पेंटर बसलेला असायचा. पत्र्याला काळा ऑइलपेंट आधीच मारून वाळवून ठेवलेला. खडूच्या दोन रेघा मारायच्या, अक्षरांची जागा बोटांनी मोजायची आणि बारीक ब्रशने पांढरी अक्षरं एका दमात ओढायची. चांगला पेंटर 'एम'चे दोन्ही पाय सारखे काढायचा. हौशी गिऱ्हाईक असेल तर अक्षरांना बारीक लाल सावली. रंग ओला असताना पोराने बोट लावलं की त्याच्या पाठीत धपाटा. घरी आल्यावर नारळ, हळदकुंकू, पेढे, आणि मग आकड्यांची बेरीज. बेरीज नऊ आली तर वडील दिवसभर खूश.

असा हाताने रंगवलेला नंबर घरातल्या माणसांना टेलिफोन नंबरासारखा पाठ व्हायचा. गाडी विकून तीस वर्षं झाली, घेणारा कोण होता तेही आठवत नाही, पण तिचा नंबर विचारा, क्षणात सांगतील. तेव्हा घरात एकच गाडी असे, ती पंधरा-वीस वर्षं टिके आणि सगळ्या घराची मोठी कामं तिच्यावरच होत. बाळंतिणीला दवाखान्यात नेणं असो की मुलाला बोर्डाच्या परीक्षेला सोडणं, फाटकाशी तीच पाटी दिसायची.

या पद्धतीला शेवटी गणिताने गाठलं. एका अक्षरजोडीत तिसऱ्या जागी २६ अक्षरं, प्रत्येक अक्षराला ९,९९९ आकडे. म्हणजे एक जोडी फार तर दोन लाख साठ हजार गाड्यांना पुरणार. १९५१ मध्ये सगळ्या देशात मिळून वाहनं होती तीन लाखांच्या आसपास, तेव्हा हा हिशेब ऐसपैस होता. १९९१ मध्ये देशात दोन कोटींहून जास्त वाहनं झाली, त्यांतली बहुतेक दुचाकी. राज्यं नव्या अक्षरजोड्या मागत राहिली, केंद्र देत राहिलं, आणि कुठली जोडी कुठल्या राज्याची हेच कळेनासं झालं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनी हे सगळं मोडून नवं मांडलं. १ जुलै १९८९ पासून राज्याची दोन अक्षरं, मग कार्यालयाचा क्रमांक, मग मालिका, मग आकडा. महाराष्ट्राला एमएच.

आपण रोज बघतो ते क्रमांक मुळात कसे वाटले गेले, हे फारसं कोणी तपासत नाही. कागदावर उतरवले की रचना लगेच दिसते. मुंबईचे तीन: ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा. मग कोकण: ठाणे ०४, कल्याण ०५, रायगडसाठी पेणचं कार्यालय ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. मग पुणे महसूल विभाग, तो मात्र खालून वर: कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२, सोलापूर १३, पिंपरी-चिंचवड १४. मग नाशिक विभाग १५ ते १९, मराठवाडा २० ते २६, अमरावती विभाग २७ ते ३०, नागपूर विभाग ३१ पासून ३६. मंत्रालयातल्या एखाद्या टेबलावर महसूल विभागांची यादी समोर ठेवून ओळीने आकडे घातले असावेत, इतकी ही मांडणी सरळ आहे.

नंतर आलेले बहुतेक जिल्हे या रांगेत बसले नाहीत, ते शेवटी जोडले गेले. वाशिम आणि नंदुरबार १९९८ मध्ये झाले, हिंगोली १९९९ मध्ये. त्यांचे क्रमांक ३७, ३९ आणि ३८. त्यांच्यापुढे मालेगाव ४१, बारामती ४२, अंबेजोगाई ४४, अकलूज ४५, कराड ५० अशी गावं आली, जी जिल्ह्याची ठिकाणं नाहीत. कुठल्या तालुक्यात गाड्या वाढल्या, कुठे ऊस पिकला आणि कुणाचं वजन मुंबईत चाललं, याचा साधारण अंदाज या आकड्यांवरून येतो.

आणि मग लोकांनी त्या यादीचं जे केलं ते कुठल्याच कारकुनाच्या डोक्यात आलं नसेल. दहा-पंधरा वर्षांत आकडा म्हणजेच गाव झालं. कोल्हापूरचा पोरगा पुण्यात शिकायला आला की मागच्या काचेवर '०९' लावून फिरू लागला. 'एमएच ११' छापलेले टी-शर्ट साताऱ्यात निघाले. पुण्यात पुलावर कोणी उलटं घुसलं की ओरड व्हायची, बघ, नक्की चौदाची असणार. आणि पिंपरीत तीच ओरड बाराच्या नावाने. बारामतीकरांना ४२ चा अभिमान, कराडला ५० मिळाल्यावर गावात फटाके. पुण्याला बारा आकडा मिळाला हा निव्वळ यादीतला योगायोग, पण बारा मावळांशी त्याचं नातं जोडणारे भेटतात. ज्या अभिमानाला आज पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हणून मिरवलं जातं, त्याचं वय १९८९ पासून मोजावं लागतं. चाळिशीही झालेली नाही.

यातलं जमेचं असं की, जुन्या नंबरात दडलेलं गाव नव्या नंबरात उघड झालं आणि परक्या मुलखात त्याचा आधार वाटू लागला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात '०७'च्या गाड्या नेहमी दिसतात, कारण सिंधुदुर्गातल्या पेशंटला कोल्हापूरपेक्षा गोवा जवळ. तिथे दोन '०७' शेजारी लागल्या की बोलणं सुरू होतं: कुडाळचे काय तुम्ही? वॉर्ड कुठला? डबा आणायचाय का? हैदराबादला, सुरतेला, इंदूरला हायवेच्या ढाब्यावर 'एमएच' बघून माणसं आपणहून हॉर्न वाजवतात.

पण जो आकडा आपल्या माणसाला ओळखीचा, तोच शत्रुत्वाच्या दिवसांत निशाणही होतो. ६ डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्नाने पुन्हा पेट घेतला तेव्हा बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबराचे ट्रक अडवून दगड मारले गेले, आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. ट्रकमधला ड्रायव्हर कुठला, त्यात कांदा कोणाचा, याची चौकशी कोणी केली नाही. पाटी बघितली, दगड उचलला. बेळगावातल्या मराठी माणसाची गोची तर कायमची: घरात मराठी, दारात गाडी 'केए २२'.

अक्षरांसाठी लोक किती हट्टाला पेटतात हे तेलंगणात दिसलं. वेगळ्या राज्याच्या आंदोलनात असंख्य लोकांनी 'एपी' पुसून 'टीजी' लिहिलं. २०१४ मध्ये राज्य झालं आणि सरकारने ठरवलं 'टीएस'. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, सरकार बदलल्यावर 'टीजी' परत आलं. उत्तराखंडने २००७ मध्ये 'यूए'ची 'यूके' केली, ओडिशाने २०१२ मध्ये 'ओआर'ची 'ओडी'. आपल्याकडे मात्र औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर; तरी २०, २५ आणि १६ हे आकडे जागचे हलले नाहीत. पाटीवर नाव असतं तर प्रत्येक गाडी रंगवावी लागली असती.

आता तिसरा बदल सुरू आहे, आणि तो गावापासून दूर नेणारा आहे. २००१ च्या नियमांनंतर खासगी गाड्यांची काळी पाटी गेली, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं आली. त्याच नियमांनी अतिसुरक्षित पाटीचीही तरतूद केली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवण्याची मुदत २०२५ मध्ये पुन:पुन्हा वाढत गेली. ही पाटी हातात घेऊन बघा. ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या कोपऱ्यात वीस मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं, तळाशी लेझरने कोरलेला किमान दहा आकड्यांचा क्रमांक, आणि एकदा दाबलं की न उघडणारी कुलपं. अक्षरांवर तिरकी 'इंडिया' छापलेली. चोराला ती अवघड आहे यात शंका नाही. मात्र '२१४'चा 'राम' आणि '४१४१'चा 'दादा' करणारा रेडियमवाला त्यात बसत नाही, आणि एकाच राज्यातल्या दोन पाट्यांत फरक उरतो तो फक्त आकड्यांचा. हौस भागवायची ती आकड्यातच, आणि त्याचे दर सरकारने ओळखून वाढवले: ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या '०००१' साठी चार लाखांचे सहा लाख झाले.

त्यापुढची पायरी म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली 'बीएच' मालिका. बदल्यांवर फिरणाऱ्या नोकरदारांची सोय म्हणून ती काढली. राज्य बदललं की नवा नंबर घ्यायची कटकट संपली. तिच्यात सुरुवातीला नोंदणीचं वर्ष असतं, मग 'बीएच', मग आकडा. राज्य नाही, जिल्हा नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अशी गाडी बघितली की तो पाटी सोडून माणसालाच विचारतो, साहेब, कुठले तुम्ही?

तीन अक्षरी नंबराचं पुढे काय? कायद्याने तो रद्द झालेला नाही. गाडी कायमची राज्याबाहेर गेली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्रात राहिलेल्या आणि वेळोवेळी नोंदणी वाढवून घेतलेल्या गाडीवर जुनाच नंबर चालतो, अगदी अतिसुरक्षित पाटीवरही. म्हणजे आज ज्या स्कूटरवर 'एमएफ' दिसते, तिने १९८९ पासून राज्य सोडलेलं नाही, एवढं पाटी बघून सांगता येतं. २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले. त्यांना मूळ नंबर ठेवता येतो, आणि जुनी नोंदच नसलेल्या गाडीला २०,००० रुपये भरून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. अट एवढीच की तिने रोजच्या कामाला न जाता प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यावं.

ज्यांच्या गाड्या पन्नाशीच्या आतल्या आहेत त्यांची गाठ मात्र आरटीओच्या रेकॉर्ड रूमशी पडते. नवी पाटी ऑनलाइन मागवायची तर नोंद 'वाहन' या सरकारी प्रणालीत हवी, आणि जुन्या कित्येक गाड्या तिथे सापडत नाहीत. मग आरसी बुक घेऊन कार्यालयात जायचं आणि 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यायची. कारकून जुनं रजिस्टर काढतो. मोठ्या पानांवर हाताने लिहिलेल्या ओळी: नंबर, मालक, पत्ता, गाडीचा प्रकार, चॅसी नंबर, कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी. एक ओळ संगणकात जाते, रजिस्टर परत फडताळात.

त्या रजिस्टरांकडे आजवर फक्त गाडीवाले आणि पोलीस गेले आहेत. इतिहास लिहिणाऱ्यांनीही जायला हवं. कुठल्या तालुक्यात पहिला ट्रॅक्टर कधी आला, बाईच्या नावावर पहिली गाडी कधी लागली, कुठल्या पेठेत व्यापाऱ्यांनी बैलगाडी सोडून टेम्पो घेतला, सीपीची गाडी नागपुरात किती साल चालली, हे सगळं तिथे तारखेसकट लिहिलेलं आहे. महसुलाची जुनी दप्तरं आपण पुराभिलेखागारात जपली, कारण जमिनीचा इतिहास त्यांत आहे हे आपल्याला उमगलं होतं. चाकांच्या इतिहासाची दप्तरंही तिथेच जायला हवीत. संगणकात शेवटची ओळ चढली की ही रजिस्टरं कोणालाच नको होतील, आणि रद्दीवाला त्यांचं पासिंग विचारणार नाही.